सेतुरावांचा पंच

कुणी कसलंही पोस्टर घेऊन येवो, सेतुराव ते आधी पालथं करायचे. पुढच्या बाजूला राजा असो, तलवार उपसलेला हिरो असो, नाहीतर पावसात भिजलेली बाई असो, तिकडे बघायचेच नाहीत. "तोंड नको. पाठ दाखव," एवढंच. पाठ बघून झाली की कागद नाकाशी धरायचे. मग बोट ओलं करून कोपऱ्याला घासायचे आणि सगळ्यात शेवटी भिंग लावून पुढची बाजू बघायचे. माल अस्सल निघाला तर "सेरी" म्हणायचे. तमिळमध्ये सेरी म्हणजे ठीक. त्याच्यावर कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून मी वीस वर्षांत ऐकला नाही. नकली निघाला तर सदऱ्याच्या खिशातून पंच बाहेर यायचा. टक्. कोपऱ्याला भोक. विचारणं नाही, सांगणं नाही.

पंच रेल्वेचा होता. सेतुराव टी.सी. होते, पुठ्ठ्याची तिकिटं होती तेव्हापासूनचे. नोकरी संपली तरी पंच कसा बरोबर राहिला ते मी विचारलं नाही. त्याचं भोक अर्ध्या चंद्रासारखं पडायचं. चेन्नईत जुनी पोस्टरं जमवणारी जेवढी माणसं आहेत त्या सगळ्यांना ते भोक ठाऊक. भोक दिसलं की माल कोणी हातात धरत नसे. म्हणून विकत घ्यायच्या आधी लोक त्यांच्याकडे यायचे, आणि म्हणूनच त्यांना शिव्याही द्यायचे.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. इचलकरंजीहून सतराव्या वर्षी मद्रासला आलो, पोस्टरांच्या छापखान्यात लागलो आणि मशीन चालवत म्हातारा झालो. छापखाना बंद पडला तेव्हा गोदामात जुना कागद उरला होता, पिवळा पडलेला. तो मी घरी आणला. त्याच्यावर जुनी चित्रं ओळखीच्या प्रेसमधून छापून घ्यायचो, घड्या घालायचो, चहाचं पाणी मारून उन्हात टाकायचो आणि पल्लावरमच्या शुक्रवारच्या बाजारात जुनी म्हणून विकायचो. लपवण्यात आता काय आहे? धंदा होता.

तिथंच ते पहिल्यांदा भेटले. पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, हातात ताकभाताचा डबा. माझं पोस्टर उचललं, पालथं केलं, हुंगलं. टक्.

"ओ! हे काय केलंत?" मी मराठीतच ओरडलो.

"मराठी काय?" ते म्हणाले. "बरें. कागद जुना आहे, शाई काल-परवाची. कोणीं छापलें?"

"मी."

"हात चांगला आहे तुझा. नियत घाणेरडी आहे."

त्यांची मराठी तंजावरची. पिढ्यान्‌पिढ्या तिकडचे, महाराष्ट्र त्यांनी पाहिलेलाही नव्हता. कुठे म्हणायचं तर 'कोठें' म्हणायचे, आणि वाक्याच्या शेवटी सूर तमिळसारखा वर चढवायचे. मला मेस्त्री म्हणायला लागले. मी त्यांना राव म्हणायचो. पुढच्या शुक्रवारी ते परत आले, त्याच्या पुढच्या शुक्रवारीही आले. दर वेळी टक्. शेवटी मी छापायचं सोडलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसायला लागलो. नकली कशी बनते ते मला ठाऊक, जुना कागद कसा म्हातारा होतो ते त्यांना ठाऊक. आम्हा दोघांच्या पुढून खोटा कागद सुटणं मुश्किल होतं.

त्रिप्लिकेनला त्यांची दोन खोल्यांची जागा होती. लग्न केलं नव्हतं. कोणी आलं की आधी चपला बाहेर, मग शिकेकाईनं हात धुवायचे, पुसायचे, वाळेपर्यंत बसायचं. मग पोस्टर उघडायचं. एकदा एक बाई आली. तिच्या सासऱ्याचं थिएटर होतं, त्यातली चाळीस-पन्नास पोस्टरं तिनं सांभाळून ठेवली होती. सगळी अस्सल. पण खराब होऊ नयेत म्हणून बिचारीनं सगळ्यांना लॅमिनेशन करून घेतलं होतं. राव एकेक उलटत गेले. तिला वाटलं आता शाबासकी मिळणार.

"अम्मा, तुम्हीं ह्यांना जिवंत पुरलेंत," राव म्हणाले. "घेऊन जा."

ती जिना उतरताना रडत होती. मी म्हटलं, "राव, जरा गोड बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

"गोड बोललों असतों तर घरीं उरलेलीं चार पण करून आणलीं असतीं तिनें."

पेरुंगुडीला कॉम्प्युटरच्या ऑफिसात एक पुण्याचा पोरगा आहे, सौरभ. पोरगा म्हणजे तिशीचा. पहिलाच पगारवाढीचा पैसा घालून त्यानं एक पोस्टर घेतलं आणि होणाऱ्या बायकोला बरोबर घेऊन दाखवायला आला. तिच्यासमोर टक् झालं. पोरगा लालबुंद. राव त्याला म्हणाले, "घेण्याआधीं पाठ कां नाहीं पाहिलीस? लग्नाआधीं तरी पहा." पोरगी हसली, तो हसला नाही. पण तोच सौरभ पुढे दर महिन्याला यायला लागला. मारकुट्या मास्तराकडे पोरं जातात तसं.

आता माझ्या घरातलं सांगतो, कारण त्याच्याशिवाय सेतुराव कळायचे नाहीत.

आमचं लग्न झालं त्या वर्षी मी छापखान्यात पहिल्यांदा एकट्यानं मशीन लावलं. देवीचा सिनेमा होता. चित्रकारानं हातानं प्लेटा काढल्या होत्या, आताच्या छपाईसारखे ठिपके नव्हते, रेतीसारखा दाणा होता. त्यातलं एक पोस्टर मी घरी आणलं. कमलनं ते काचेत बसवून घेतलं आणि देवघराच्या वर लावलं. नटीचंच चित्र ते, पण कमलला ती देवी. दर शुक्रवारी काचेवर हळदकुंकू. चाळीस वर्षं.

मी काही चांगला नवरा नव्हतो. पीत होतो. हातही उचलला आहे. मूल झालं नाही त्याचंही तिलाच ऐकवलं. ती लोकांना माझं काय चांगलं सांगणार?

मग चेन्नईचा तो मोठा पूर आला. आम्ही सैदापेठेत नदीच्या बाजूला राहत होतो. सकाळी होडी आली, बायकांना शाळेत नेलं. कमल होडीतून ओरडत होती, "अहो, देवी! देवी घेऊन या!" पाणी छातीला लागत होतं. मी फ्रेम काढली, डोक्यावर घेतली, दारातून बाहेर पडलो आणि पाण्याच्या लोटानं पाय निसटला. काच फुटली. कागद हातात आला तो भाताच्या पेजेसारखा. मी सोडून दिला.

शाळेत गेल्यावर मी तिला सांगितलं, देवी सुरक्षित आहे, गळ्याएवढ्या पाण्यातून डोक्यावरून नेली आणि पलीकडच्या माडीवर ठेवली. का सांगितलं? ती विचारत होती म्हणून. भिजून कुडकुडत होती, आणि विचारत होती.

तेच पोस्टर सेतुरावांकडेही होतं. त्यांच्या सगळ्या संग्रहात त्यांना तेच प्यारं. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवायचे. मी त्यांच्याकडे गेलो आणि खरं ते सांगितलं. म्हटलं, विकत द्या. नाही म्हणाले. म्हटलं, मग फोटो काढू द्या, मी छापून घेतो.

"सेरी. पण खालीं छाप, हें पुन्हा छापलेलें आहे. तुझें नांव घाल, साल घाल. शब्द?"

"शब्द," मी म्हटलं.

गोदामातला एक शेवटचा ताव उरला होता, त्याच्यावर छापून घेतलं. नाव घातलं नाही. कमलला अक्षरं लावून वाचता येत होतं. घातलं असतं तर तिनं वाचलं असतं.

नवी काच, नवी फ्रेम. घरी आलेल्या प्रत्येकाला ती सांगायची, "ह्यांनी देवीला गळ्याएवढ्या पाण्यातून डोक्यावरून आणलं." दूधवाल्याला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, बहिणीला फोन करून सांगितलं. माझ्याकडे बघून सांगायची. चाळीस वर्षांत अशी कधी बघितली नव्हती. मी पिणं सोडलं ते त्यानंतर. लोकांना वाटलं देवीनं सोडवलं.

पुढे तिच्या पोटात गाठ निघाली. उशिरा कळली. अंथरुणाला खिळल्यावर तिनं एकच धोसरा लावला. "तुमचे ते राव सगळ्यांची चित्रं बघतात. माझी देवी त्यांना दाखवा. माझ्यामागं तुम्ही काय तिला कुंकू लावणार आहात? त्यांच्याकडं असली तर नीट राहील. त्यांनी एकदा बरोबर आहे म्हटलं की मी सुटले."

मी तीन आठवडे टाळलं. मग तिनं माझ्या फोनवरून स्वतःच त्यांना बोलावलं.

ते येणार त्याच्या आदल्या दिवशी मी त्रिप्लिकेनला गेलो. चपला काढायच्या आधी त्यांचे पाय धरले. "राव, जन्मात एकदा खोटं बोला. ती जायला लागली आहे."

"मला बोलायचें कारणच काय?" ते म्हणाले. "खालीं तुझें नांव आहे ना? साल आहे ना? ती वाचेल, नाहींतर मी वाचून दाखवीन. तूं पुन्हा छापून दिलेंस, त्यांत लाज कसली?"

मी त्यांचे पाय सोडले आणि खाली बघितलं.

"घातलें नाहींस," ते म्हणाले. मग दार लावून घेतलं.

मला वाटलं येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी आले. धुतलेली वेष्टी, कपाळाला गंध. कमलनं स्वतःला उशीला टेकवून घेतलं होतं, माझ्याकडून केस विंचरून घेतले होते. तिनं त्यांना देवीची सगळी गोष्ट सांगितली. पाणी, होडी, डोक्यावरून. धाप लागत होती, थांबून थांबून सांगितली. राव ऐकत होते. मग ते मोरीत गेले, हात धुतले, वाळवले आणि म्हणाले, "मेस्त्री, फ्रेम उघड."

मी उघडली. त्यांनी कागद पालथा केला. पाठ कोरी. जुन्या छपाईत शाईचं तेल वर्षानुवर्षं कागदात उतरतं, पाठीवर सगळं चित्र पुसट उमटतं. इथं काही नव्हतं. त्यांनी हुंगलंही नाही.

"अम्मा, हें असल नव्हे. ह्यानें पुरानंतर छापून घेतलें आहे."

आणि पंच काढला. मी त्यांचा हात धरला. सत्तरीच्या पुढचा माणूस, पण मनगट टी.सी.चं. टक्. भोक देवीच्या पायाशी पडलं. अर्धा चंद्र गादीवर पडला, तो कमलनं बोटानं उचलला. खूप वेळ बघत होती.

मग मला म्हणाली, "मग डोक्यावरून काय आणलंत?"

"काही नाही," मी म्हटलं.

राव दारापर्यंत गेले, परत फिरले आणि तिला म्हणाले, "छापलें मात्र मन लावून आहे." ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तिनं ऐकलं की नाही ठाऊक नाही.

त्यानंतर ती अकरा दिवस होती. पाणी मागायची, कूस बदला म्हणायची. दुसरं काही नाही. मधे शुक्रवार आला. मी कुंकवाची डबी तिच्या हातात द्यायला गेलो तर तिनं मूठ मिटून घेतली. दूधवाला दारात विचारत होता, आजी कशी आहे म्हणून, तर आतून ऐकून तिनं पांघरूण तोंडावर ओढलं. जाताना ती माझ्याकडे बघत नव्हती. एवढंच मला लिहायचं होतं, बाकी रडगाणं कशाला.

राव त्या दिवशी आले होते. दार वाजवत होते. मी उघडलं नाही.

दोन वर्षं मी त्रिप्लिकेनला पाऊल टाकलं नाही. मग त्यांच्या पुतण्याचा फोन आला. काका बोलावतात म्हणाला. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते. मधे एक ताप येऊन गेला, त्यात नाकाला वास येणंही बंद झालं. पुतण्यानं जागेचा ताबा घेतला होता, आणि राव खाटेवर बसून होते. हाडं राहिली होती. वेष्टी मात्र पांढरी.

"कोण? मेस्त्री? बस. हात धू."

मी हात धुतले. सवय.

त्यांनी पुतण्याला दुकानात पाठवलं. मग उशाखालून लुगड्याचं गाठोडं काढलं. "बाजारांत देवीचीं तीन नवीं निघालीं आहेत, ऐकलें मी. फोटो कोठून मिळाला त्यांना? हा पुतण्या माझ्या मागें कपाट उघडायचा, म्हणून हें आतां उशाशीं ठेवतों. पण त्याआधींच असल काढून घेतलें आणि नकली गुंडाळून ठेवलें असेल तर मला काय कळणार? डोळे नाहींत, नाक नाहीं. बोटांना नुसता कागद लागतो. तूंच पहा."

मी गाठोडं सोडलं. कागद पालथा केला. पाठीवर देवी होती. सगळी. मुकुट, हात, पायातले तोडे, तपकिरी सावलीसारखी, उलटी. नाकाशी धरला. माझ्या छापखान्याचा वास. सतराव्या वर्षी पहिल्यांदा आत शिरलो तेव्हा आला होता तो. घड्या चिरलेल्या, जिथं चिरायला हव्या तिथं. असं अस्सल पोस्टर मी पुन्हा बघणार नव्हतो.

राव मान वर करून बसले होते. डोळे उघडेच, पांढरट. ओठ हलत होते, बहुतेक जप चालला होता. कमलही अशीच उशीला टेकून बसली होती.

"डुप्लिकेट," मी म्हटलं.

"पाठ पाहिलीस?"

"कोरी आहे."

मला वाटलं छाती धरतील, शिव्या देतील, पुतण्याच्या नावानं ओरडतील. त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. पंच अजून तिथंच होता. दुसरा हात पुढे केला. "दे."

मला तेव्हा बोलता आलं असतं. पुरेसा वेळ होता. त्यांनी कागद मांडीवर घेतला, बोटांनी कडा चाचपत कोपरा शोधला, तो सापडायला त्यांना कितीतरी वेळ लागला. दोनदा पंच हवेतच मिटला. तिसऱ्यांदा टक् झालं.

"नीट बसलें?" त्यांनी विचारलं.

"बसलं."

"सेरी," म्हणाले. त्यांच्या तोंडून कुठल्या नकली ठरवलेल्या कागदाला सेरी मी तेवढं एकदाच ऐकलं. मग म्हणाले, "अम्मा गेली तेव्हां मी आलों होतों. तूं दार उघडलें नाहींस."

"नाही उघडलं."

"बरोबर केलेंस."

मी जिना उतरून रस्त्यावर आलो. बसस्टॉपवर उभा राहिलो. दोन बस सोडल्या. वाटत होतं परत जावं, सांगावं. गेलो नाही. जो माणूस स्वतःचं जिवाभावाचं पोस्टर हात न थरथरता पंच करतो त्याला मी कमलच्या नावानं शिक्षा द्यायला गेलो होतो. हात थरथरला असता तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगतो. तेही खरं असेलच असं नाही.

महिन्याच्या आत ते गेले. स्मशानात पुतण्या, मी आणि सौरभ. बाकी ज्यांची ज्यांची पोस्टरं त्यांनी वाचवली त्यातलं कोणी आलं नाही. पुतण्यानं बिनभोकाचा सगळा संग्रह आठवड्यात विकला. देवी रद्दीत टाकली होती. मी मागितली तर म्हणाला, "न्या की काका, काय उपयोग तिचा?" बिचाऱ्यानं कपाटातलं काही चोरलेलं नव्हतं. उगाच त्याच्यावरही आळ आला.

ती आता माझ्या घरी देवघराच्या वर आहे, त्याच फ्रेममध्ये. आधीची, मी छापलेली, तिच्या मागे पुठ्ठ्याच्या जागी घातली आहे. दोन्हींना अर्ध्या चंद्राचं एकेक भोक. शुक्रवारी मी कुंकू लावतो. मला नीट लावता येत नाही, काचेवर ओघळ येतो.

परवा सौरभ बायकोला घेऊन आला होता. ती तीच, तेव्हा हसलेली. त्यानं आल्या आल्या भिंतीकडे बघितलं, पुढे गेला, पाय उंचावून बघितलं. कोपरा दिसल्यावर त्याचा चेहरा पडला.

"अरेरे. काका, हेही डुप्लिकेट? राव सरांनी पंच केलंय?"

"त्यांनीच. स्वतःच्या हातानं."

"मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला, आणि खुर्चीवर बसला.

मी चहा टाकला. तो उठून हात वर करता तर फ्रेम हातात आली असती. पाठ दाखवा म्हणाला असता तर मी त्याच घटकेला उघडून दाखवली असती, सगळं सांगितलं असतं. दोघांनी चहा घेतला, ऑफिसच्या गोष्टी केल्या, कप विसळून ठेवले आणि गेले.